शब्द पोहोचला काय?

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राशी आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांचा संबंध आहे. कोणाचे वडील तेथून निवृत्त झाले, कोणाचा मुलगा आज तेथे पाळीला जातो, तर कोणाचा संसार शेजारच्या औद्योगिक वसाहतीच्या आधाराने चालतो. ज्यांच्या दूरदृष्टीतून व चिकाटीतून हे केंद्र उभे राहिले, त्या डॉ. होमी भाभांना मात्र ते पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. तारापूरविषयीचा भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९६३ मध्ये झाला. पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये रीतसर वीज देऊ लागल्या. या दोन घटनांच्या मधोमध, २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी, व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस निघालेले भाभा आल्प्स पर्वतातील विमान अपघातात मृत्यू पावले. त्यांच्यासह विमानातील सर्व ११७ माणसे गेली.

हा अपघात कसा घडला, हे आम्ही येथे सांगू इच्छितो. भाभांचे मोठेपण वाचकांस ठाऊक आहे. ते पुन्हा सांगण्यासाठी हा लेख नाही. त्या अपघाताच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आकाशातल्या माणसांइतकाच जमिनीवरच्या आपणा सर्वांचा आहे. प्रश्न असा : आपण खरे ते सांगितले, वेळेवर सांगितले, परंतु ऐकणाऱ्यास ते उमगलेच नाही, तर आपले कर्तव्य पुरे झाले काय?

एअर इंडियाचे 'कांचनजंगा' नावाचे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले होते. आपण नेमके कोठे आहोत हे कळण्यासाठी विमानात रेडिओच्या लहरींवर चालणारी दिशादर्शक यंत्रे असतात. जमिनीवरील दोन ठिकाणांहून दोन रेषा मिळाल्या की त्या जेथे एकमेकींस छेदतात तेथे आपले विमान, असा हा साधा हिशेब आहे. बैरूतहून निघताना 'कांचनजंगा'वरील अशा यंत्रांपैकी एक बिघडलेले होते आणि ते वैमानिकास ठाऊक होते. जिनिव्हा जवळ आले. वाटेत माँ ब्लाँ हे आल्प्समधील सर्वांत उंच, सुमारे १५,७७० फुटांचे शिखर होते. विमान १९,००० फुटांवर होते. ढगांच्या वर हजार फुटांचे अंतर राखून, स्वच्छ दिसत असेल तरच खाली उतरावे, अशी परवानगी जिनिव्हाच्या नियंत्रकाने दिली होती.

वैमानिकाने कळविले, की आपण आता माँ ब्लाँच्या बाजूने पुढे सरकत आहोत असे वाटते. नियंत्रकाच्या समोर रडारचा पडदा होता. विमान अजून शिखराच्या पलीकडे गेलेले नाही, हे त्याला दिसले. त्याने ताबडतोब सांगितले, की माँ ब्लाँ तुमच्यापासून पाच मैलांवर आहे. वैमानिकाने उत्तर दिले, 'रॉजर'. म्हणजे, 'संदेश मिळाला'. विमान खाली येतच राहिले आणि शिखराजवळ डोंगरावर आदळले.

फ्रेंच चौकशी आयोगाने जो निष्कर्ष काढला, त्याचा आशय असा : वैमानिकाने आपल्या स्थानाचा हिशेब चुकविला होता. नियंत्रकाने ती चूक ओळखली आणि ती दुरुस्त होईल असे त्यास वाटले तो संदेश पाठविला. परंतु शब्दयोजना पुरेशी नेमकी नव्हती. वैमानिकाने तिचा अर्थ निराळा घेतला, आणि डोंगराची सोंड आपण ओलांडली आहे या समजुतीने तो उतरत राहिला.

वाचकहो, या निष्कर्षाकडे क्षणभर नीट पाहा. येथे कोणी झोपलेले नाही, कोणी मद्य घेतलेले नाही, कोणी कामात टाळाटाळ केलेली नाही. नियंत्रकाचे लक्ष होते. त्याला चूक दिसली. त्याने ती लपविली नाही. त्याने सांगितलेली माहिती खरी होती. वैमानिकाने ती ऐकली आणि नम्रपणे उत्तरही दिले. मग उणे कोठे पडले? पाच मैल, परंतु कोणत्या दिशेला? समोर की बाजूला? 'तुम्ही अजून शिखर ओलांडलेले नाही, उतरू नका' असे शब्द उच्चारले गेले असते, तर शंकेस जागा उरली नसती. आणि 'म्हणजे शिखर अजून आमच्या पुढे आहे काय?' असा उलट प्रश्न वैमानिकाने केला असता, तरीही तेच झाले असते. सांगणाऱ्यास वाटले, आपण सांगितले. ऐकणाऱ्यास वाटले, आपण ऐकले. दोघांच्याही मनास समाधान होते, आणि सत्य दोघांच्या मधल्या आकाशात राहून गेले.

'रॉजर' या शब्दाचा अर्थ येथे ध्यानात घ्यावा. संदेश कानी आला, एवढेच तो सांगतो. 'मला समजले' किंवा 'मी तसेच करीन' असे तो सांगत नाही. आपल्या भाषेतही असे 'रॉजर' पुष्कळ आहेत. कारखान्यात 'हो साहेब', दवाखान्यात 'बरं डॉक्टर', घरात 'कळलं गं आई, किती वेळा सांगशील'. या प्रत्येक शब्दाने बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटले, हे मात्र त्यावरून कळत नाही.

भाभांच्या मृत्यूनंतर आजवर अनेकांनी असे म्हटले आहे, की यामागे परकीय हात असला पाहिजे. ही चर्चा अधूनमधून उसळी घेत असते. तिच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. तिच्यामागचे मानवी मन मात्र विचार करण्याजोगे आहे. एवढा मोठा माणूस, एवढे मोठे विमान, आणि कारण काय, तर एक अपुरे वाक्य? हे मनास पटत नाही. मोठ्या दुःखाला मोठेच कारण असावे असे आपणास वाटते. खलनायक सापडला की दुःखाला एक चेहरा मिळतो, आणि आपण स्वतः सुटतो. कारण आपण काही खलनायक नव्हे. परंतु अपुरे वाक्य हे कारण मान्य केले तर सुटका नाही. अपुरी वाक्ये आपण सर्वच दररोज बोलतो.

नीतिशास्त्र येथे काय सांगते? चूक आणि पाप यांत भेद आहे, हे आपणास धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकविले गेले. पापाला जाणीव व संमती लागते. चुकीत दोन्ही नसतात. पण एवढ्यावर थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. कितीही प्रयत्न करून जे अज्ञान दूर झाले नसते, त्याचा दोष माणसावर नाही. परंतु जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि थोड्या प्रयत्नाने जे कळले असते, ते न जाणण्याचा दोष आपल्याकडे येतो. 'मला ठाऊक नव्हते' ही सबब म्हणून नेहमीच चालत नाही. विचारावे लागते, की ठाऊक करून घेणे तुझ्या हाती होते काय?

हाच निकष बोलण्याला लावून पाहू. माझा शब्द दुसऱ्यास समजला की नाही, हे जाणून घेणे माझ्या हाती असते काय? पुष्कळदा असते. एक प्रश्न विचारावा लागतो, थोडे थांबावे लागते. म्हणून आमच्या मते, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे त्याचे कर्तव्य शब्द उच्चारून संपत नाही. तो शब्द पोहोचला याची खातरजमा हा त्या कर्तव्याचाच भाग आहे. आणि ऐकणाऱ्याचेही तसेच. जे नीट समजले नाही त्यास 'हो' म्हणणे हे सौजन्य नव्हे. ते एक लहानसे असत्य आहे, आणि त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते.

विमानचालनाच्या क्षेत्राने हे तत्त्व आता नियमांत बांधले आहे. नियंत्रकाने उंचीचा, दिशेचा किंवा धावपट्टीचा आदेश दिला, की वैमानिकाने तो आकड्यांसह परत म्हणून दाखवावा लागतो. नियंत्रकाने ते परत म्हणणे लक्ष देऊन ऐकावे लागते आणि चुकले असेल तर तेथेच दुरुस्त करावे लागते. म्हणजे एक वाक्य तीनदा प्रवास करते : जाते, येते आणि पुन्हा जाते. यात वेळ जातो खरा, परंतु त्या वेळातच माणसे वाचतात.

हा धडा सोपा नव्हता. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाच्या कप्तानास वाटले, उड्डाणाची परवानगी मिळाली. नियंत्रकास वाटले, ते विमान थांबून आहे. नियंत्रकाने 'थांबा' सांगितले त्याच क्षणी दुसरे विमानही रेडिओवर बोलू लागले आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. धावू लागलेल्या विमानात बसलेल्या अभियंत्याच्या मनात शंका आली होती. पलीकडचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असे त्याने विचारलेही. कप्तानाने ठामपणे ती शंका बाजूस सारली. कनिष्ठाने एकदा विचारले, पुन्हा विचारले नाही. या अपघातानंतर 'उड्डाण' या अर्थाचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरावा असे ठरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कनिष्ठाने वरिष्ठास टोकावे आणि वरिष्ठाने ते ऐकून घ्यावे याचे शिक्षण वैमानिकांना दिले जाऊ लागले. वरिष्ठांपुढे मान खाली घालणे हाच सद्गुण मानणाऱ्या आपल्या समाजाने यावर विचार करावा.

आपल्या देशातील सर्वांत भीषण हवाई दुर्घटना १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर घडली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान १४,००० फुटांवर आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान १५,००० फुटांवर असावे, असा नियंत्रकाचा आदेश होता. आदेश बरोबर होता. समोरून विमान येत असल्याची सूचनाही त्याने दिली होती. परंतु कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले आणि ३४९ जीव गेले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक होता व विमान हाकणारा दुसरा. बोलणाऱ्यास आदेश ठाऊक होता; तो हाकणाऱ्याच्या हातापर्यंत वेळेवर गेला नाही. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे, त्यामुळे नियंत्रकाला केवळ शब्दाचाच आधार होता. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर उंची दाखविणारी रडार, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी वेगळे मार्ग आणि विमानांत टक्करसूचक यंत्रे या गोष्टी देशात आल्या.

आणि कधी कधी शब्द निघतच नाही. महाराष्ट्रात २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईकडे निघाले. ते अगदी धावपट्टीच्या टोकाशी पोहोचून कसेबसे वर उठले. टोकाच्या पलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या क्षणी त्या रस्त्याने कापसाच्या गाठी लादलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे चाक व इंजिन ट्रकला लागले. पुढे विजेच्या तारांत अडकून ते कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली : वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि विमानांच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. आकाशाची व्यवस्था एकाकडे, रस्त्याची दुसऱ्याकडे. ट्रकचालकास विमानाचे वेळापत्रक कोण सांगणार? दोन खात्यांच्या मधली ती जागा कोणाचीच नव्हती. आपल्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी दुःखे अशा 'कोणाचीच नसलेल्या' जागेत जन्म घेतात.

आता शिक्षेचा प्रश्न. चूक झाली, माणसे मेली. मग कोणास तरी जबाबदार धरले पाहिजे, ही न्यायाची मागणी आहे आणि ती रास्त आहे. मेलेल्यांच्या आप्तांना 'ती केवळ चूक होती' असे सांगून परत पाठविणे हे क्रौर्य ठरेल. परंतु कोणास धरावे आणि कशासाठी, हे ठरविताना घाई केली तर काय होते, याचे एक हृदयद्रावक उदाहरण युरोपात घडले.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिणेस युबरलिंगेन गावावर दोन विमाने आकाशात आदळली. एक मालवाहू होते. दुसऱ्यात रशियातील बाश्कोर्तोस्तानची मुले सुट्टीवर निघाली होती. ७१ जण मेले, त्यांत बहुसंख्य मुले होती. त्या आकाशाची जबाबदारी झुरिकच्या नियंत्रण कक्षावर होती. कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक दोन टेबले सांभाळीत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, आणि रात्री असे करण्याची प्रथा वरिष्ठांनी वर्षानुवर्षे चालू दिली होती. मुख्य दूरध्वनी दुरुस्तीसाठी बंद होता. टकरीची आगाऊ सूचना देणारी व्यवस्थाही पुरती चालू नव्हती. शेजारच्या केंद्रातील नियंत्रकांना धोका दिसला. त्यांनी फोन लावून पाहिला, तो लागला नाही. एकाकी नियंत्रकाच्या लक्षात आले तेव्हा काहीच सेकंद उरले होते. त्याने एका विमानास खाली उतरण्यास सांगितले. त्याच विमानातील टक्करसूचक यंत्र वैमानिकास वर जाण्यास सांगत होते, आणि दुसऱ्या विमानातील यंत्र तेथील वैमानिकास खाली. वैमानिकाने माणसाचे ऐकले. दोन्ही विमाने खाली गेली.

फेब्रुवारी २००४ मध्ये, या अपघातात पत्नी व दोन मुले गमावलेला एक पिता त्या नियंत्रकाच्या दारी गेला आणि त्याने त्यास भोसकून ठार केले. चौकशीचा अंतिम अहवाल मे २००४ मध्ये आला. म्हणजे सूड आधी आला आणि सत्य नंतर. सत्य आले तेव्हा त्यात त्या एकट्या माणसाच्या चुकीसोबत संपूर्ण व्यवस्थेची चूक लिहिलेली होती. २००७ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेतील चौघांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले. पण मारला गेलेला माणूस त्या रात्री एकटा बसविला गेला होता. त्या पित्याचे दुःख आम्ही लहान मानीत नाही. त्याच्या दुःखापुढे कोणत्याही उपदेशकाने प्रथम मौनच धरावे. तरीही म्हणावे लागते, की त्याचा चाकू ज्याच्यापर्यंत पोहोचला तो साखळीतला शेवटचा दुवा होता. शेवटचा दुवा नेहमी हाताशी असतो, म्हणून तोच तोडला जातो.

८ जून २०२४ रोजी आपल्या मुंबईच्या विमानतळावर तिरुअनंतपुरमला निघालेले एक विमान धावपट्टीवरून अजून उठत होते, तोच इंदूरहून आलेले दुसरे विमान त्याच्यामागे त्याच पट्टीवर उतरले. दैवयोगाने कोणास इजा झाली नाही. संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूला करण्यात आले आणि चौकशी सुरू झाली. हे योग्यच. परंतु वाचकांनी हेही जाणावे, की मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवर दिवसभर विमानांची रीघ लागलेली असते. माणूस बाजूला केला म्हणून रीघ कमी होत नाही. उद्या त्याच खुर्चीवर दुसरा माणूस बसतो.

यावर कोणी म्हणेल, 'महाराज, व्यवस्थेला दोष दिला की माणूस सुटला. सर्वांचा दोष म्हणजे कोणाचाच नाही.' हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. आमचे उत्तर असे, की दोष ही भाकरी नव्हे, की वाटून घेतली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास थोडी येईल. चिकलठाण्याला वैमानिकाने चूक केली म्हणून रस्ता मोकळा ठेवणाऱ्यांचे कर्तव्य कमी झाले नाही. आणि रस्ता मोकळा नव्हता म्हणून वैमानिकाचेही नाही. ज्याच्या हाती जे होते, त्याच्या हिशेबात ते पुरेपूर राहते. पापनिवेदनास येताना आपण जे केले तेवढेच नव्हे, तर जे करावयास हवे होते आणि केले नाही तेही सांगतो. तेथे शेजाऱ्याचा वाटा वजा करून कोणी आपला आकडा सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या ठिकाणी चूक कबूल करणाऱ्यास प्रथम शिक्षाच होते, तेथे चुका कमी होत नाहीत; त्या लपविल्या जातात. अमेरिकेत १९७६ पासून अशी योजना चालू आहे, की वैमानिक वा नियंत्रकाने आपल्या हातून नकळत घडलेली चूक आपणहून कळविली, तर त्याचे नाव गुप्त राहते आणि दंडातून सूट मिळू शकते. ती माहिती दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासा या अवकाश संस्थेकडे जाते. जाणूनबुजून केलेल्या कृत्यास, गुन्ह्यास व प्रत्यक्ष अपघातास ही सवलत नाही. या योजनेत मोठे नैतिक शहाणपण आहे. आज सांगितलेली लहान चूक उद्याच्या मोठ्या अपघाताची आगाऊ खबर असते. ती खबर आणणाऱ्याचे तोंड आपण शिक्षेच्या भीतीने बंद केले, तर उद्याच्या मृत्यूंत आपलाही वाटा राहील.

हे सर्व आपल्या बोईसर-तारापूरला कसे लागू होते? औद्योगिक वसाहतीतील आगी व स्फोटांच्या बातम्या आपणास नव्या नाहीत. अशा बातमीत 'मानवी चूक' हे दोन शब्द वाचले, की आपण पान उलटतो. येथून पुढे तेथे थांबावे आणि विचारावे : कोणाची चूक, आणि त्यास कोणी काय सांगितले होते? पाळी बदलताना जाणाऱ्या कामगाराने येणाऱ्यास अमुक झडप बंद ठेवली आहे हे सांगितले, की वहीत खरडून तो बस गाठण्यासाठी धावला? येणाऱ्याने ते परत म्हणून दाखविले, की नुसते 'हो हो' केले? ज्या मुकादमाला पुन्हा विचारले की राग येतो, तो मुकादम आपल्या माणसांच्या जिवाशी खेळतो आहे, हे त्यास कोणी तरी सांगावयास हवे.

याबाबत आपल्या रेल्वेची एक जुनी पद्धत आम्हांस फार आवडते. फाटक बंद झाले, असे फाटकवाल्याने नुसते सांगून भागत नाही. स्टेशन मास्तरांशी बोलताना तो आपल्याजवळच्या तक्त्यातील एक खासगी क्रमांक सांगतो, आणि मास्तर तो आपल्या वहीत नोंदवितात. तो क्रमांक म्हणजे दोन माणसांमधील एक लहानशी साक्ष आहे : तू सांगितलेस, मी ऐकले, आणि आपण दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत. अणुऊर्जा केंद्रांच्या नियंत्रण कक्षांतही जगभर अशीच शिस्त पाळतात. एकाने सांगावे, दुसऱ्याने तेच परत म्हणावे, पहिल्याने 'बरोबर' म्हणावे, आणि मगच हात बटणाकडे न्यावा.

घरात खासगी क्रमांक नसतो. परंतु तेथेही हीच शिस्त लागते. म्हाताऱ्या आईस औषधाच्या गोळ्या सांगितल्यावर तिच्या तोंडून त्या पुन्हा ऐकाव्यात. मुलगा 'मी ठीक आहे' म्हणाला, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून दुसऱ्यांदा विचारावे. नवऱ्याने बायकोला 'मी तुला सांगितले होते' असे म्हणण्यापूर्वी तिला ते कळले होते काय, हे स्वतःस विचारावे. आणि आम्हां धर्मगुरूंनाही यातून सूट नाही. वेदीवरून बोलले की लोकांपर्यंत पोहोचले, असे मानणारे पुरोहित कमी नाहीत.

माँ ब्लाँची हिमनदी अजूनही 'कांचनजंगा'चे अवशेष हळूहळू खाली आणीत असते. २०१२ मध्ये तेथे भारत सरकारची टपालाची एक थैली सापडली. २०२० मध्ये काही वर्तमानपत्रे मिळाली. त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या होत्या. थैलीतील ते टपाल दिल्लीहून निघाले होते, ते सेहेचाळीस वर्षांनी कोणाच्या तरी हाती लागले. वाचकहो, आपण बोललेल्या शब्दांपैकी काही असेच वाटेत पडून असतील. ते शोधून काढणे अद्याप आपल्या हाती आहे. आज ज्यास काही महत्त्वाचे सांगाल, त्याला एवढेच विचारा : 'मी काय सांगितले, ते तुझ्या शब्दांत मला सांगशील?' आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.